इंग्रजी शिकणाऱ्यांचं लिखाण कसं तपासावं? बडोद्यातल्या शिक्षक-पालकांचे नेहमीचे प्रश्न

दांडिया बाजार, रावपुरा आणि आसपासच्या भागात इंग्रजीच्या शिकवण्या घेणारे आपण बरेच जण आहोत. आपल्याकडे येणारी मुलं घरी मराठी बोलतात, रस्त्यावर गुजराती, टीव्हीसमोर हिंदी, आणि शाळेत गुजराती नाहीतर इंग्रजी. शिवाय परदेशी निघालेले पदवीधर असतात, आणि मुलं मार्गी लागल्यावर स्वतःसाठी शिकायला येणाऱ्या बायकाही. या सगळ्यांनी लिहिलेला इंग्रजी कागद हातात आला की त्याचं करायचं काय, हे मला सतत विचारलं जातं. प्रश्न तेच ते असतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवते. व्याकरण कसं शिकवावं हा इथला विषय नाही. लिहिलेल्या कागदावर आपण काय करतो, एवढंच बोलणार आहे.

सगळ्या चुका दुरुस्त करायला नकोत का?

नकोत. पानभर लाल झालेली वही मूल वाचत नाही. मार्क किती ते बघतं, खालचा शेरा बघतं आणि वही दप्तरात कोंबतं. समजा वाचलीच, तरी पंचवीस खुणांपैकी कुठली चूक मोठी आणि कुठली किरकोळ हे त्याला कळायला मार्ग नसतो. आपली संध्याकाळ गेली आणि त्याच्या पदरात काही पडलं नाही.

या विषयावर भाषाशिक्षणाच्या जगात चांगलीच जुंपली होती. जॉन ट्रस्कॉट यांनी १९९६ मध्ये 'लँग्वेज लर्निंग' या नियतकालिकात थेट लिहिलं, की दुसरी भाषा शिकणाऱ्यांच्या लिखाणातल्या व्याकरणाच्या दुरुस्त्या उपयोगाच्या नाहीत, उलट त्या नुकसान करतात, तेव्हा बंदच करा. डॅना फेरिस यांनी १९९९ मध्ये त्याला उत्तर दिलं: दुरुस्ती कशी केली, कुठल्या प्रकारच्या चुकांची केली, हे न बघता सरसकट निकाल कसा देता येईल? पुढे न्यूझीलंडमध्ये जॉन बिचनर यांनी सगळ्या चुका सोडून फक्त 'अ' आणि 'द' या आर्टिकलच्या ठरावीक वापरांवर दुरुस्ती देऊन पाहिली. तेव्हा फायदा दिसला, आणि दोन महिन्यांनी घेतलेल्या चाचणीतही तो टिकलेला होता. मी ट्रस्कॉट यांच्या टोकाला जात नाही. पण एका वेळी एक-दोन गोष्टींवर बोट ठेवलं तर दुरुस्ती लागू पडते, हे वर्गातही दिसतं.

पालकांची मात्र अडचण होते. न खोडलेली चूक दिसली की "बाईंनी नीट तपासलं नाही" असा फोन येतो. त्यावर सोपा उपाय आहे. पानाच्या डोक्यावर आधीच लिहून टाकायचं: "या वेळी फक्त भूतकाळ तपासला आहे." फोन निम्म्यावर येतात. उरलेले निम्मे तसेही आलेच असते.

मग कुठल्या चुका निवडायच्या?

वाचणाऱ्याचा अर्थ जिथे चुकतो, ती चूक आधी. "आय लिव्ह इन सुरत टू इयर्स" असं कोणी लिहिलं, तर तो अजून सुरतेतच आहे की दोन वर्षं राहून परत आला, हे समजत नाही. तिथे थांबायलाच हवं. "माय सिस्टर गॉट मॅरिड बिफोर टू इयर्स" हेही चुकलेलंच आहे, पण लग्न झालं आणि दोन वर्षांपूर्वी झालं हे कळतं. ते पुढच्या खेपेला बघता येईल.

त्यानंतर, जी चूक एकाच पानावर चार-पाच ठिकाणी आहे ती. आणि जे अजून शिकवलेलंच नाही त्यावर खूण करू नका. सातवीतल्या मुलाने अवघड संकेतार्थी वाक्य लिहायचा प्रयत्न केला आणि ते फसलं, तर त्याच्या हिमतीचं कौतुक करा आणि पुढे चला. नाहीतर पुढच्या वेळी तो चार शब्दांची सुरक्षित वाक्यं लिहील, तुम्हाला खोडायला काही सापडणार नाही, आणि त्याचं इंग्रजी तिथेच गोठेल.

स्पेलिंगच्या चुका पहिल्यांदा डोळ्यांत भरतात, म्हणून आपला हात आधी तिकडे जातो. त्या सगळ्यात शेवटी ठेवा. शब्दकोश उघडून त्याचा तोही त्या काढू शकतो.

आमच्याकडच्या मुलांच्या चुका एकाच साच्यातल्या का वाटतात?

कारण त्या खरंच एका साच्यातल्या असतात. पिट कॉर्डर यांनी १९६७ मध्येच मांडलं होतं, की शिकणाऱ्याची चूक म्हणजे निव्वळ निष्काळजीपणा नव्हे. त्याच्या डोक्यात या घडीला कुठले नियम चालू आहेत याचा तो पुरावा असतो. लॅरी सेलिंकर यांनी १९७२ मध्ये त्या अर्ध्या वाटेवरच्या भाषेला 'इंटरलँग्वेज' असं नाव दिलं. तिचे स्वतःचे नियम असतात, आणि वह्या तपासणाऱ्याला ते ओळखता आले तर काम बरंच हलकं होतं.

बडोद्यातल्या मराठी घरातल्या मुलाचंच बघा. मराठीत आर्टिकल नाही, गुजरातीतही नाही. त्यामुळे 'अ' आणि 'द' आधी गायब असतात, आणि एकदा बोलणी खाल्ली की सगळीकडे पेरलेले सापडतात: "द बडोदा इज द ब्यूटिफुल सिटी." "आम्ही इथे दहा वर्षांपासून राहतो" हे मराठीत वर्तमानकाळातच चालतं, म्हणून "वी आर लिव्हिंग हिअर सिन्स टेन इयर्स." "काल मी कमाटी बागेत गेलो होतो" हे आपल्याकडे अगदी साधं वाक्य आहे, म्हणून इंग्रजीत विनाकारण "यस्टरडे आय हॅड गॉन टू कमाटी बाग." "तो म्हणाला की मी येतो" यातला 'मी' तसाच उचलला जातो आणि "ही सेड दॅट आय ॲम कमिंग" मध्ये येणारा माणूसच बदलतो. आजोबांना एकवचनात कसं बोलायचं, म्हणून "माय ग्रँडफादर आर." मराठीतला 'च' आणि गुजरातीतला 'ज' दोघे मिळून "माय मदर ओन्ली टोल्ड मी" लिहून घेतात. प्रश्नात शब्दांची जागा बदलायची सवय दोन्ही भाषांत नाही, म्हणून "व्हेअर यू आर गोइंग?"

गुजराती माध्यमात शिकलेल्यांच्या कानाला 'ए' आणि 'ॲ' यांतला फरक लवकर लागत नाही. त्यामुळे निबंधातल्या पाहुण्यांना 'स्नॅक्स' ऐवजी 'स्नेक्स' वाढले जातात. ऱ्हस्व-दीर्घाचंही तेच, 'शिप' आणि 'शीप' एकाच दावणीला.

हे माहीत असलं की शेरा बदलतो. नुसतं 'टेन्स चुकला' असं न लिहिता, "मराठीत 'पासून' आलं की वर्तमानकाळ चालतो, इंग्रजीत 'हॅव बीन' लागतं" असं लिहिता येतं, आणि मुलाच्या डोक्यात काहीतरी जुळतं. मात्र सगळं खापर मातृभाषेवर फोडू नका. 'टीच्ड' आणि 'कॅच्ड' अशी रूपं जगभरातले शिकणारे बनवतात, इंग्रजांची लहान मुलंसुद्धा. तिथे मराठीचा काही संबंध नाही. मुलाने नियम शिकला आणि जिथे तो लागू नाही तिथेही लावला, एवढंच झालं.

योग्य रूप लिहून द्यावं, की नुसती खूण करून सोडावं?

ज्या चुकीला नियम आहे तिथे खूण, जिथे नियम नाही तिथे उत्तर. फेरिस यांनी चुकांची साधारण अशीच विभागणी केली आहे. कर्ता-क्रियापद, काळ, अनेकवचन यांचा नियम मुलाला माहीत असतो. खूण दिसली की तो स्वतः विचार करून दुरुस्त करू शकतो, आणि तो विचार त्यानेच करायला हवा. पण 'मॅरिड'च्या पुढे 'टू' का आणि 'विथ' का नाही, 'गुड'नंतर 'ॲट' का, याला मूल डोकं खाजवून काय करणार? तिथे सरळ लिहून द्या आणि मोकळे व्हा.

पानाच्या कडेला, समासात करायच्या खुणा मोजक्या ठेवा. माझ्याकडे 'का' म्हणजे काळ, 'आ' म्हणजे आर्टिकल, 'क्रि' म्हणजे कर्ता-क्रियापद जुळत नाही, 'स्पे' म्हणजे स्पेलिंग, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे मला अर्थ लागला नाही. यातलं प्रश्नचिन्ह सर्वांत कामाचं आहे. अर्थ लागला नाही तर अंदाजाने दुरुस्त करू नका. त्याला जे म्हणायचंच नव्हतं ते तुम्ही शुद्ध इंग्रजीत लिहून ठेवाल, आणि तो मुकाट्याने उतरवून घेईल. शिक्षकाला "मला हे म्हणायचं नव्हतं" असं सांगणारी मुलं फार थोडी.

अगदी नवख्यांना मात्र नुसत्या खुणा देऊ नका. त्यांच्यासाठी ते कोडं होतं.

एखादा शेरा प्रत्यक्ष लिहून दाखवाल का?

समजा आठवीतल्या मुलाने आपल्या पोळातल्या, म्हणजे गल्लीतल्या, गणपतीवर हे लिहिलं आहे:

"इन अवर पोळ गणपती इज कमिंग सिन्स फॉर्टी इयर्स. माय आजोबा इज डूइंग आरती. ऑल पीपल्स आर कमिंग. वी आर ईटिंग हॉट हॉट मोदक. लास्ट इयर बिग रेन केम ॲन्ड मांडव फेल डाउन. बट आजोबा सेड दॅट आय विल नॉट स्टॉप द आरती."

खोडायला बसलात तर प्रत्येक वाक्यात काही ना काही सापडेल. मी असं लिहीन:

"मांडव पडला तरी आजोबांनी आरती थांबवली नाही! मग पुढे काय झालं? लोक कुठे उभे राहिले, निरांजन विझलं का, तू काय धरून उभा होतास? इथे अजून तीन वाक्यं लिही. 'केम' आणि 'फेल' ही भूतकाळाची रूपं बरोबर आहेत, नव्या वाक्यांतही तशीच वापर. आता दुसरं, तिसरं आणि चौथं वाक्य बघ. जे दरवर्षी होतं, त्याला साधा वर्तमानकाळ: 'वी ईट'. राहिलेली दोन तू बदल."

पहिलं वाक्य मी स्वतः सुधारून देईन, 'हॅज बीन कमिंग' आणि 'फॉर फॉर्टी इयर्स' घालून. ते त्याच्या आवाक्याबाहेरचं आहे, पण त्याला ते वाक्य हवं आहे. 'पीपल्स'ला हात लावणार नाही. 'सेड दॅट आय' हा पुढच्या महिन्याचा धडा. 'आजोबा', 'मोदक', 'मांडव' या चुका नाहीतच. 'हॉट हॉट मोदक'ही मी खोडणार नाही, आणि त्यावर कोणी माझ्याशी वाद घातला तरी चालेल.

मजकुराबद्दलचा प्रश्न आधी आला आहे, तो मुद्दाम. त्या मुलाकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि आपण ते वाचलं, हे त्याला पहिल्या ओळीतच कळलं पाहिजे. आणि तीन नवी वाक्यं लिहिताना त्याला भूतकाळ वापरावाच लागतो. म्हणजे सराव झालाच, वर्कशीट न देता.

'गुड', 'कीप इट अप', 'कॅन डू बेटर' असे शेरे चालतील का?

चालतात, म्हणजे कोणी आक्षेप घेत नाही. पण 'गुड' वाचून मुलाला काय चांगलं झालं ते कळत नाही आणि 'इम्प्रूव्ह युअर ग्रामर' वाचून काय करायचं ते कळत नाही. कौतुकसुद्धा नेमकं असू द्या: "दुसऱ्या परिच्छेदाची सुरुवात पहिल्याच्या शेवटाला धरून आहे." ही एक ओळ पाच ताऱ्यांपेक्षा जास्त काम करते.

शेरा मराठीत लिहावा, गुजरातीत की इंग्रजीत?

ज्या भाषेत वाचणाऱ्याला तो पहिल्या वाचनात कळेल, त्या भाषेत. इंग्रजी शिकवतो म्हणून इंग्रजीतच शेरा, हा हट्ट नवख्यांच्या बाबतीत निरर्थक आहे. त्यांना आधी शेऱ्याचा अर्थ लावत बसावं लागतं. वरच्या पातळीवर हळूहळू इंग्रजीकडे सरका.

मोठ्या वयाच्या विद्यार्थ्यांबद्दल एक सांगते. पन्नाशीच्या बाईंच्या वहीवर शाळकरी पोराच्या वहीसारखी फुली मारू नका आणि 'पुन्हा लिही' असं तर मुळीच नको. 'हे वाक्य परत एकदा बघाल का?' असं लिहा. त्या घरी सुनेसमोर ती वही उघडणार असतात.

मार्क द्यावेत का?

शाळेत द्यावे लागतात, शिकवणीत टाळता येतात. रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एका गटाला फक्त शेरे दिले, दुसऱ्याला फक्त मार्क आणि तिसऱ्याला दोन्ही. फक्त शेरे मिळालेल्यांची रुची आणि काम दोन्ही सुधारलं. मार्क आणि शेरे एकत्र मिळालेल्यांना शेऱ्यांचा फायदा झाला नाही. मार्क दिसले की शेरा वाचायचं कारण उरत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. मार्क द्यायचेच असतील तर दुसऱ्या मसुद्याला द्या.

वही परत दिल्यावर पुढे काय?

खरं काम इथून सुरू होतं, आणि आपल्याकडे नेमकं इथेच ते संपवलं जातं. तपासलेली वही मिळाली की तिथल्या तिथे, आपल्यासमोर, दहा मिनिटं शेरा वाचून बदल करायला द्या. घरी सांगितलं तर होत नाही. त्या दहा मिनिटांत मूल काय विचारतं त्यावरून आपला शेरा नीट होता की नाही तेही समजतं.

'फेअर करून आण' हे मात्र पुनर्लेखन नव्हे. बाईंनी लिहिलेली दुरुस्ती पाहून पान स्वच्छ उतरवणं हा अक्षर सुधारायचा व्यायाम झाला. दुसऱ्या मसुद्यात निदान एखादं वाक्य असं हवं, जे पहिल्यात नव्हतं.

इतक्यांदा सांगूनही 'ही गो', 'शी लाइक' का जात नाही?

कारण नियम सोपा असणं वेगळं आणि तो हाताला लागणं वेगळं. हायडी ड्युले आणि मरीना बर्ट यांनी १९७० च्या दशकात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. व्याकरणाचे घटक साधारण एका क्रमाने अंगवळणी पडतात असं त्यांना दिसलं, मुलांची मातृभाषा वेगवेगळी असली तरी. 'इंग' लवकर येतं, तृतीय पुरुषी एकवचनाचा 'स' फार उशिरा. म्हणून आपली मुलं सगळीकडे 'इंग' लावतात आणि 'स' विसरतात. पाचवीत शिकवलेला 'स' अकरावीत पक्का होत असेल तर त्यात मुलाचा आळस नाही आणि तुमचाही नाही. खूण करत राहा, चिडू नका.

'कझिन ब्रदर', 'प्रीपोन', 'आउट ऑफ स्टेशन' हे चूक मानायचं का?

वाचणार कोण आहे, ते बघा. 'प्रीपोन' तर ऑक्सफर्डच्या शब्दकोशात जाऊन बसला आहे. कॉलेजच्या नोटिशीत, इथल्या ऑफिसच्या पत्रात हे शब्द सगळ्यांना कळतात. तिथे ते खोडणं म्हणजे उगाच तोरा. परदेशी विद्यापीठाला पाठवायच्या अर्जात 'आउट ऑफ स्टेशन' वाचून समोरच्याला रेल्वे आठवेल, म्हणून तिथे पर्याय सुचवा. शेऱ्यात 'चूक' असं लिहू नका. "हे भारतात चालतं, बाहेरच्या वाचकासाठी असं लिहा" असं लिहा. 'आय गेव्ह द एक्झाम' याच वर्गात मोडतं.

आयल्ट्सच्या विद्यार्थ्यांचं लिखाण वेगळ्या पद्धतीने तपासायचं का?

हो, कारण परदेशी जाणाऱ्यांच्या या इंग्रजी परीक्षेत गुण कशाला मिळतात ते उघड आहे. लेखनाच्या पेपरला ६० मिनिटं, दोन भाग. पहिला किमान १५० शब्दांचा, दुसरा किमान २५० शब्दांचा, आणि दुसऱ्याचं वजन दुप्पट. प्रत्येक भाग चार निकषांवर तपासला जातो: विचारलं त्याचं उत्तर दिलं का, मांडणी आणि ओघ, शब्दसंपत्ती, आणि व्याकरण. चारही निकष सारख्या वजनाचे. म्हणजे व्याकरण हे एक चतुर्थांश, आणि अलकापुरीपासून फतेहगंजपर्यंत आपल्या क्लासेसमध्ये तपासणीचा बहुतेक सगळा वेळ त्यावरच जातो.

मी पहिल्या वाचनात पेन बाजूला ठेवते आणि एकच बघते: प्रश्नात दोन बाजू विचारल्या असताना त्याने एकच लिहिली आहे का? उत्तरात त्याचं मत कुठे आहे? साडेसहा बँडवर (म्हणजे गुणांवर) अडकलेल्यांपैकी बऱ्याच जणांचं घोडं इथे पेंड खातं. व्याकरण त्यांचं बरं असतं.

दुसरी गोष्ट, पाठ केलेली वाक्यं. "इन धिस मॉडर्न एरा ऑफ ग्लोबलायझेशन" अशी सुरुवात आणि कुठल्याही विषयाला चिकटणारे शेवट. शब्द मोजायच्या आधी मी त्यांवर सरळ रेघ मारते. रोग नवा नाही. श्री अरविंद १८९३ मध्ये बडोद्यात आले आणि पुढे इथल्या बडोदा कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. इथले विद्यार्थी वर्गात सांगितलेला शब्द न् शब्द उतरवून घेतात आणि घोकतात, याचं इंग्लंडमध्ये शिकून आलेल्या त्यांना नवल वाटलं होतं, असं त्यांनी नंतर सांगितलं. तेव्हा निदान प्राध्यापकाचं बोलणं घोकत होते, आता व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ घोकतात.

ग्रामर्ली किंवा चॅटजीपीटीकडून तपासून घेतलं तर?

घेणारच आहेत, तेव्हा कसं घ्यायचं ते शिकवा. सगळा उतारा टाकून 'करेक्ट धिस' म्हटलं की गुळगुळीत इंग्रजी परत येतं. त्यात चुका नसतात, तसा लिहिणारा माणूसही नसतो, आणि आपण काय चुकलो होतो हेही कळत नाही. वरचा गणपतीचा उतारा टाकून बघा. मोदक गरम गरम राहणार नाहीत.

त्याऐवजी असं सांगायला शिकवा: "माझं वाक्य बदलू नकोस. काळाच्या चुका असलेल्या ओळी फक्त दाखव, दुरुस्ती मी करेन." मग ते यंत्र समासातल्या खुणांचं काम करतं. पण ते आत्मविश्वासाने चुकीचं कारणही सांगू शकतं, म्हणून नवख्याला एकट्याला त्याच्यासमोर बसवू नका. आणि पहिला मसुदा वर्गात, हाताने, कागदावर. यावर मी तडजोड करत नाही.

मला स्वतःला इंग्रजी येत नाही. मुलाचं लिखाण मी काय तपासणार?

हा प्रश्न विचारणाऱ्या आया जितक्या मदत करू शकतात, तितकी इंग्रजी येणारे आणि शब्दाशब्दाला टोकणारे वडील करत नाहीत. मटार सोलता सोलता मुलाला म्हणा, "काय लिहिलंस ते मराठीत सांग." तो सांगेल: "आम्ही पावागढला गेलो, रोपवे बंद होता, मग आजी म्हणाली मी खालीच बसते, आणि बाबा रागावले." मग म्हणा, "आता कागदावरचं वाच, आणि प्रत्येक वाक्याचा मराठीत अर्थ सांग." कागदावर निघेल: आम्ही पावागढला गेलो, खूप मजा आली. आजी कुठे गेली? बाबांचा राग कुठे आहे? हा फरक पकडायला इंग्रजी लागत नाही. "आजीचं पण लिही ना" एवढं म्हटलं तरी तुम्ही शिक्षकाचं अर्धं काम केलंत.

फक्त एक पथ्य पाळा: शेजारच्या मुलाची वही मागून आणून तुलना करू नका.

मुलांनी एकमेकांच्या वह्या तपासल्या तर चालतं का?

चालतं, आणि त्यातून फायदा मुख्यतः तपासणाऱ्याचा होतो. क्रिस्टी लुंडस्ट्रॉम आणि वेंडी बेकर यांच्या २००९ च्या अभ्यासात, दुसऱ्यांच्या मसुद्यांवर अभिप्राय देणाऱ्यांचं स्वतःचं लिखाण अभिप्राय घेणाऱ्यांपेक्षा जास्त सुधारलं. मात्र मुलांना व्याकरण तपासायला लावू नका, बरोबर आहे तेही खोडून ठेवतात. दोनच प्रश्न द्या: तुला कुठे कंटाळा आला? कुठे आणखी वाचावंसं वाटलं?

वर्गात साठ मुलं आहेत. एवढं कोण करणार?

साठ वह्यांवर एवढं कोणीच करू शकत नाही. आठवड्याला पंधरा वह्या नीट, बाकीच्यांवर फक्त सही आणि तारीख. पुढच्या आठवड्यात पुढच्या पंधरा. सगळ्यांच्या वह्या चाळताना वारंवार दिसलेली तीन वाक्यं नाव न सांगता फळ्यावर लिहा आणि वर्गाकडून सुधारून घ्या. शाळेचा 'सर्व वह्या पूर्ण तपासलेल्या हव्यात' असा नियम असेल, तर मुख्याध्यापकांशी एकदा बोलून बघा. काही ऐकतात.

लाल पेनच वापरायचं का?

कुठलंही वापरा. हिरव्या शाईतली पंचवीस खोडाखोडीही तितकीच जड जाते. मी पेन्सिल वापरते, कारण कधी कधी मुलाचं म्हणणं ऐकून माझी खूण पुसावी लागते.

माझं वय झालं, क्लासला जाणं होत नाही. स्वतःचं लिखाण स्वतः कसं तपासू?

लिहून झालं की रात्रभर तसंच ठेवा. सकाळी मोठ्याने वाचा, कुजबुजत नाही. जिथे अडखळाल तिथे पेन्सिलने टिंब. मग प्रत्येक वाक्यातलं क्रियापद अधोरेखित करा आणि फक्त क्रियापदं वरून खाली बघत जा: काळ मध्येच बदलला का, कर्त्याशी जुळतं का. मग शेवटच्या वाक्यापासून उलटं पहिल्याकडे वाचत या. उलटं वाचलं की अर्थाच्या ओघात डोळा वाहून जात नाही आणि सुटलेला 'द' दिसतो. आपल्या नेहमीच्या तीन चुका वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. त्यातली एक सलग काही आठवडे दिसली नाही की ती खोडा आणि तिच्या जागी नवी लिहा.